बेल (जामीन) झाली, पण पावती कुणाची लावायची?

मालव_मंजिरी (इंदूर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात आहे, आज लिहूनच टाकते. जरा लांबेल.

आमच्या कॉलनीत एक एकोणीस वर्षांचा मुलगा गवत कापायला आणि गच्चीवरच्या टाक्या धुवायला यायचा. नाव लिहीत नाही. पारधी आहे, रिंग रोडपलीकडच्या डेऱ्यावर राहतो. मे महिन्यात दोन बिल्डिंगांच्या गच्चीवरून पितळी तोट्या आणि पाण्याची एक मोटर गेली. कॉलनीच्या कॅमेऱ्याची वायर खारीने कुरतडलेली, म्हणजे रेकॉर्डिंग नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी डेऱ्यावरून तीन पोरं उचलली. त्यात हाही. आमच्याकडे झाडू-पोछा करणाऱ्या बाईंची कॉलनीच्या गेटवरच्या चहावाल्याशी बहस झाली तेव्हा मला कळलं, नाहीतर तो गावी गेला असेल असंच समजून बसले असते.

त्याच्या आईबरोबर मी पोलीस थाण्यात गेले. त्याच संध्याकाळी आमच्या ओळखीतल्या एकांचा भाचा तिथे होता. त्याने गाडी भाजीच्या ठेल्यावर घातली होती, ठेलेवाल्याचा पाय मोडला होता. भाच्याला खुर्ची, चहा, अकराच्या आत घरी. माझ्याबरोबरच्या बाई ओसरीत फरशीवर बसलेल्या. मुन्शीजींनी त्यांचं नाव लिहिलं, नवऱ्याचं नाव लिहिलं, मग विचारलं, ‘‘जात?’’ बाईंनी सांगितलं. मुन्शीजींचं पेन थांबलं आणि त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून बाईंकडे बघितलं. बस, एवढंच. शिवी नाही, मारहाण नाही. पण ते बघणं डोळ्यांसमोरून जात नाही.

आता मुख्य गोष्ट. बाराव्या दिवशी कोर्टाने बेल दिली. मुलगा बाहेर आला सत्तेचाळिसाव्या दिवशी. मधले पस्तीस दिवस कशात गेले? जमानतदार (जामीन राहणारा माणूस) शोधण्यात. कोर्टाला पावती पाहिजे होती. डेऱ्यावर कुणाच्या नावावर वीतभर जमीन नाही. आमचा फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, वर बँकेचा बोजा. कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर एक गृहस्थ पिशवीत पाच-सहा पावत्या घेऊन बसलेले असतात, तीन हजारांत ‘सब हो जाएगा’ म्हणाले. मन झालं नाही. शेवटी देवासकडच्या चुलत दिरांनी आपली दिली. पस्तीस दिवसांत पोराचं टाक्यांचं काम दुसऱ्याने घेतलं.

मुलगी न्यूजर्सीला आहे. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘‘आई, इकडे काळ्या लोकांचं हेच असतं. फरक एवढाच की इकडे निदान मोजतात.’’ तर प्रश्न असा, की आपल्याकडे हे कुणी मोजतं का? आणि आपण शहरात, मोहल्ल्यात बसून काय करू शकतो? निबंध नकोत, अनुभव हवेत.

पोहे_शेव_जिरावन (इंदूर)

वाचतोय. थाण्यातल्या खुर्चीचं एकदम बरोबर. खुर्ची कुणाला मिळाली ते बघा, केसचा निकाल तिथेच कळतो.

सदाशिव_खडूस (पुणे)

एक शंका. पावती म्हणजे नक्की काय? आमच्याकडे पावती नो-पार्किंगला मिळते आणि गणपतीच्या वर्गणीला. ती लावून माणूस सुटत असेल तर माझ्याकडे खोकंभर आहेत, पाठवतो.

मालव_मंजिरी

@सदाशिव_खडूस, हाहा. माळव्यात पावती म्हणजे जमिनीची ऋणपुस्तिका. छोटंसं पुस्तक असतं, त्यात खातं, रकबा, कर्जाच्या नोंदी. जमानत दिली की कोर्ट त्यात नोंद करून शिक्का मारतं, म्हणजे तीच जमीन दहा जणांना दाखवता येऊ नये. आमच्या दिरांच्या पुस्तकात आता लाल शाईची ओळ आहे. जाऊबाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

अलकापुरी_वडोदरा

आमच्याकडे सात-बारा आणि मामलतदाराचं सॉल्वन्सी सर्टिफिकेट. नाव वेगळं, रांग तीच.

नाकासमोर

मी थोडं विरोधात लिहिणार आहे, राग मानू नका. १९९८ ला माझ्या मामाकडे दरोडा पडला. मामीच्या डोक्यात दगड घातला, तिला पुढे एका कानाने ऐकू आलं नाही. पकडले गेले ते पारधीच होते आणि कोर्टात सिद्धही झालं. पोलीस काही वेडे नाहीत. वीस वर्षं एका भागात काढलेल्या हवालदाराला कुठे हात घालायचा ते माहीत असतं. प्रत्येक गोष्टीत जात आणली की गुन्हा मागे पडतो. आणि बेल मिळाली, म्हणजे कोर्टाने न्याय केलाच ना?

मालव_मंजिरी

मामींचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण ज्यांनी केलं त्यांना शिक्षा झाली ना? या पोराचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

काळा_कोट_जुना (इंदूर)

एकतीस वर्षं याच कोर्टांत काढली, आता गुडघे जिने चढू देत नाहीत म्हणून इथे लिहितो.

‘बेल मिळाली म्हणजे न्याय झाला’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक जुना निकाल वाचावा, आणि तो आपल्याच प्रदेशातला आहे. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८. मोतीराम राजमिस्त्री होता. खुद्द सुप्रीम कोर्टाने त्याला जामीन दिला. खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जमानतदार मागितला. त्या काळचे दहा हजार, आणि मिस्त्रीकडून. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. म्हणजे देशाच्या सर्वोच्च कोर्टाचा हुकूम खिशात आणि माणूस आत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर चांगलंच झाडलं, की जमानतदार याच जिल्ह्याचा हवा हा कुठला न्याय. आणि त्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. आजही बाबू पहिला प्रश्न विचारतो, ‘‘पावती लोकल है क्या?’’

मंजिरीताई, तुमच्या प्रकरणात एक वाट होती, कुणी सांगितली नाही वाटतं. ३१ जानेवारी २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. बेल होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिन्यात मुचलका भरला गेला नाही तर कोर्टाने अट शिथिल करायचा विचार करायचा. शिवाय २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे, अंडरट्रायलसाठी (खटला चालू असलेल्यांसाठी) सुरुवातीला चाळीस हजारांपर्यंत होती. पण ही योजना पैशाची अडचण सोडवते. तुमची अडचण पैशाची नव्हतीच. अडचण अशी, की ज्याच्याकडे जमीन आहे असा एकही माणूस त्या पोराला ओळखत नव्हता.

दुसरं, नाकासमोर यांना. ‘सिद्ध झालं’ यावर फार भार देऊ नका. नाशिकचं २००३ चं प्रकरण. आरोपी भटक्या जमातीतले सहा जण. २००९ ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. २०१९ ला त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती, त्यांच्यामागे कुणी गेलंच नाही. सोळा वर्षं. मी तुमच्या मामांच्या केसबद्दल बोलत नाही. हात कुठे घालायचा हे ‘माहीत’ असण्याबद्दल बोलतो आहे.

पोहे_शेव_जिरावन

वकीलसाहेबांना दंडवत. वाचनखूण साठवली.

लष्कर_ग्वाल्हेर

वरच्या हवालदाराच्या मुद्द्यावर आमच्या चंबळकडची गोष्ट सांगतो.

आमच्याकडे दरोडेखोराला डाकू म्हटलेलं चालत नाही. ‘बागी’ म्हणायचं. माझे आजोबा भिंडला ओव्हरसियर होते. ते बागी शब्द अशा आवाजात उच्चारायचे की समोर कुणी सरदार उभा असावा. १९७२ ला जौराला जयप्रकाश नारायणांसमोर बंदुका ठेवल्या गेल्या, तो सोहळाच होता. बायका ओवाळत होत्या म्हणे. ज्यांच्यावर खून आणि अपहरणं होती, त्यांच्यासाठी मुंगावलीला खुलं जेल काढलं, जमिनी दिल्या. माझा त्याला विरोध नाही, रक्तपात थांबला. माणूस सुधारू शकतो यावर सरकारने विश्वास ठेवला, चांगलं केलं.

पण त्यांतल्या बऱ्याच टोळ्या ठाकुरांच्या, ब्राह्मणांच्या. त्याच काळात त्याच जिल्ह्यांतले कंजर आणि मोघिया काय होते? चोर. त्यांना कुणी बागी म्हटलं नाही. त्यांच्यावर अन्याय झाला म्हणून ते बीहडात उतरले, अशा कहाण्या कुणी रचल्या नाहीत. खून करणाऱ्याला पुनर्वसन आणि कोंबडी चोरणाऱ्याला हिस्ट्रीशीट (पोलिसांची पाळतीची नोंद), तीही बापाकडून पोराकडे. आजोबांना एकदा हे विचारलं, तर म्हणाले, ‘‘अरे, ते खानदानी लोक होते.’’ उत्तर मिळालं.

सदाशिव_खडूस

‘खानदानी दरोडेखोर’ हे आवडलं. आमच्याकडे खानदानी फक्त दुकानं असतात, तीही दुपारी बंद.

जर्सीकर

मंजिरीताईंच्या मुलीचंच राज्य. ती म्हणाली ते बरोबर आहे, अर्धं.

मोजण्याचं आधी. मिसुरी राज्यात फर्ग्युसन नावाचं छोटं शहर आहे. २०१४ ला तिथे एका काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली, मग न्याय खात्याने त्या पोलीस दलाची चौकशी केली. २०१५ चा अहवाल आहे. वस्तीत काळे ६७ टक्के, अटकांत ९३ टक्के. आता नाकासमोर म्हणतील की ते गुन्हे जास्त करत असतील. त्याचंही उत्तर त्याच अहवालात आहे. काळ्यांच्या गाड्यांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात घेतली जायची, पण झडतीत काही सापडण्याचं प्रमाण काळ्यांकडे २६ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे पोलिसांचं ‘माहीत असणं’ चुकत होतं, आणि ते आकड्यात दिसलं. जिथे शोधाल तिथे थोडंफार सापडणारच. खरा प्रश्न, शंभर झडत्यांमागे किती सापडलं. हा आकडा आपल्याकडे कुठल्या थाण्यात मिळेल?

आता उरलेलं अर्धं. न्यूजर्सीने २०१७ पासून पैशाचा जामीन जवळजवळ बंदच केला. माणूस धोकादायक आहे का, तारखेला येईल का, एवढं बघायचं. जेलमधली गर्दी खूप उतरली. पण आत उरले त्यांतलं काळ्यांचं प्रमाण जवळपास होतं तेवढंच राहिलं. म्हणजे पावतीची अट उद्या काढली तरी ताईंचा मुलगा लवकर सुटेल, हे नक्की. पण उचलला जायचा राहणार नाही.

नाकासमोर

फर्ग्युसनचा झडतीचा मुद्दा मान्य, तो विचार करण्यासारखा आहे. पण अमेरिकेची तुलना ओढून-ताणून वाटते. तिकडे कातडी दिसते. इकडे रस्त्यावरच्या माणसाची जात कुणाला दिसते?

मालव_मंजिरी

डेरा दिसतो. भाषा ऐकू येते. आणि काहीच नाही तर वर लिहिलं ना, पेन थांबतं.

अलकापुरी_वडोदरा

जात दिसावी लागत नाही, ती कागदावर होती. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने आख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून ही माणसं विमुक्त. देश सुटला त्यानंतर पाच वर्षांनी हे सुटले. आणि सुटले म्हणजे काय, तर राज्यांनी ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आणले, रजिस्टर तेच राहिलं.

फार जुनं वाटत असेल तर ३ ऑक्टोबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा. पत्रकार सुकन्या शांता यांनी याचिका केली होती. जेलमध्ये झाडू कुणी मारायचा, स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरत होतं, ते घटनाबाह्य ठरलं. त्यात मध्य प्रदेशचं जेल मॅन्युअलही होतं. विमुक्त जमातीच्या माणसाला ‘आदतन’ (सराईत) वर्गात टाकायची सोय त्यात होती. १९८७ चं मॅन्युअल, १८८७ चं नाही.

आमच्या वडोदऱ्याला याचं एक वेगळं नातं आहे. १९९८ मध्ये बंगालमध्ये बुधन शबर नावाचा तरुण कोठडीत मारला गेला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी कृती गट उभा केला, त्याचं काम इथून चालायचं. मी तेव्हा कॉलेजात, पाकिटांवर पत्ते लिहायला जायचो. गुजराती, मराठी, बंगाली अशी खिचडी आणि मध्ये बोरवेलसारखा खोल चहाचा थर्मास.

त्रिज्या

त्याच निकालात जेलच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलंय ना? मग जर्सीकर म्हणतात तसं मोजणार कसं? इकडून म्हणायचं जात विचारू नका, तिकडून म्हणायचं जातीचे आकडे द्या. मला खरंच कळत नाहीये.

जर्सीकर

चांगला प्रश्न. माझ्या मते जो बराक वाटून देतो त्याच्या हातात तो रकाना नको, जो वर्षाअखेर हिशेब करतो त्याच्या हातात हवा. एकच कागद दोन्हीकडे गेला की घोळ.

काळा_कोट_जुना

आणि आहे त्या हिशेबातही विमुक्त दिसत नाहीत. २०२२ अखेरची सरकारी आकडेवारी म्हणते, देशात ५,७३,२२० कैदी, त्यांत ४,३४,३०२ अंडरट्रायल. म्हणजे चारांतले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी असे रकाने आहेत. विमुक्तांचा नाही. पारधी आपल्याच प्रदेशात काही जिल्ह्यांत अनुसूचित जमातीत, काहींत नाहीत. एक भाऊ एका रकान्यात, दुसरा दुसऱ्या.

हिस्ट्रीशीटबद्दल मात्र एक चांगली गोष्ट. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की केवळ मागास समाजातला आहे म्हणून कुणाचं नाव यंत्रवत हिस्ट्रीशीटमध्ये घालू नका, राज्यांनी आपले नियम तपासा. थाण्यापर्यंत पोचलं की नाही ते आता गुडघे बरे झाले की बघतो.

तोफखाना_७७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक

व्यक्तिगत शेरे नकोत. जातीवाचक शब्द असलेला एक प्रतिसाद उडवला आहे.

पोहे_शेव_जिरावन

अवांतर : काळा कोट काका, कोर्टाजवळचा तो पोहेवाला अजून आहे का? उसळ पोहे द्यायचा. पेशीपेक्षा (कोर्टाच्या तारखेपेक्षा) लोक त्याच्यासाठी जास्त यायचे.

काळा_कोट_जुना

आहे. मुलगा चालवतो. तर्री पातळ झाली.

वळणावरचा_आंबा

बरीच वर्षं इथे फक्त वाचतो. आज लिहितो.

मी त्याच समाजातला. सोलापूरला सेटलमेंट म्हणून भाग आहे, ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायचे तो. आजोबा तारेच्या आतले. वडील नोकरीनिमित्त इंदूरला आले, मी इथेच शिकलो, बँकेत आहे. आडनाव बदललेलं आहे, म्हणून तुमच्यापैकी काही जण मला ओळखत असूनही ओळखत नसाल.

सदाशिवरावांनी पावतीचा विनोद केला. वाईट वाटलं नाही, पण एक आठवलं. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात दागिने नव्हते, पावत्या होत्या. दुकानातल्या. सायकलची, रेडिओची, शिलाई मशीनची, आईच्या मंगळसूत्राची. मंगळसूत्राची पावती वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत शिवून ठेवली होती, कारण शाई उडते. कुणीही दार वाजवून विचारेल, ‘‘ये कहाँ से आया?’’ एकदा आलेही होते. वडिलांनी पेटी उघडून एकेक कागद काढून फरशीवर मांडला. त्यांनी सगळे बघितले आणि मशीन घेऊन गेले. पावतीवर नाव नीट वाचता येत नव्हतं म्हणे. तीन आठवड्यांनी परत मिळाली, पायडल नव्हतं.

मी आजही फोन घेतला की बिलाचा फोटो काढतो. बायको हसते. तिला पेटी माहीत नाही.

नाकासमोर यांच्या मामींबद्दल मलाही वाईट वाटतं. आमच्यात चोऱ्या करणारे आहेत, नाही असं मी म्हणणार नाही. बँकेतही आहेत, तिथे मात्र कुणी आख्ख्या आडनावाला उचलत नाही.

सदाशिव_खडूस

माझा वरचा प्रतिसाद आता संपादित करता येत नाहीये.

वळणावरचा_आंबा

राहू द्या. चांगला होता.

लष्कर_ग्वाल्हेर

पायडल...

नाकासमोर

माझं मत पूर्ण बदललेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण एक व्यावहारिक प्रश्न आहे. मंजिरीताईंच्या दिरांनी पावती लावली. पोरगा पेशीला आला नाही तर जमीन जाते का?

काळा_कोट_जुना

लगेच जमीन जात नाही. बाँड जप्त होतो, नोटीस येते, लिहिलेली रक्कम भरावी लागते. नाही भरली तर वसुली. चार एकर जाण्याची भीती टपरीवरचे दलाल मुद्दाम पसरवतात, त्याशिवाय त्यांच्या पिशवीतल्या पावत्या भाड्याने कशा जातील?

मालव_मंजिरी

तो प्रत्येक पेशीला येतो. सकाळी साडेदहाचा पुकारा, हा नऊला झाडाखाली. मागच्या वेळी साक्षीदार आले नाहीत, त्याआधी साहेब सुट्टीवर.

मोहल्ल्यात काय करता येईल विचारलं होतं, तर मी केलं ते सांगते. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या तीन पोरांचे फोटो ‘चोर से सावधान’ लिहून फिरत होते. कुणी टाकले ते सगळ्यांना माहीत. मी लिहिलं, काढा, अजून काही सिद्ध नाही. ॲडमिन म्हणाले, भाभी, सेफ्टी का सवाल है. मग मी विचारलं, भाजीच्या ठेल्यावाल्या भाच्याचा फोटोही टाकू का, सेफ्टीचाच सवाल आहे. दहा मिनिटांत फोटो गेले. तीन बायकांनी ग्रुप सोडला, दोघींनी मला वेगळा मेसेज करून ‘बरं केलंस’ लिहिलं. ग्रुपवर नाही लिहिलं, अर्थात.

काका, तुमचा २०२३ चा आदेश छापून घेतला. डेऱ्यावरची उरलेली दोन पोरं अजून आतच आहेत. त्यांचीही बेल झालीय, जमानतदार नाही.

काळा_कोट_जुना

दोघांच्या केसचे नंबर मला निरोपातून पाठवा. सोमवारी प्राधिकरणात अर्ज टाकू. मी जिना चढत नाही, खाली बाकावर बसेन. तुम्ही वर जा.

वळणावरचा_आंबा

माझ्या नावावर सांवेर रोडला दीड एकर आहे. पाच वर्षांपूर्वी घेतली. पावती कोरी आहे. अर्जाचं काही झालं नाही तर सांगा, पण एकालाच पुरेल.

नाकासमोर

दुसऱ्याचं काय?

मालव_मंजिरी

बघू. आंबा, निरोप पाठवते.

सदाशिव_खडूस

एक राहिलंच. तोट्या कुणी नेल्या शेवटी?

मालव_मंजिरी

मोटर बी विंगच्या गच्चीवरच ताडपत्रीखाली सापडली, जुलैत, पाऊस आल्यावर. प्लंबरने दुरुस्तीला काढून ठेवली होती. थाण्यात कळवलं, त्यांनी लिहून घेतलं. तोट्यांचा पत्ता नाही. आता सगळीकडे प्लास्टिकच्या लावल्यात.